फुकटची कात्री

बँक भरतीच्या अर्जाला फोटो हवा २० ते ५० केबीचा, सही १० ते २० केबीची. एवढ्यासाठी गल्लीतला प्रत्येक जाणकार वेगळं सॉफ्टवेअर सुचवतो. एक म्हणतो, गिंप घे. १९९६ पासून फुकट आहे, लेयर, मास्क, कर्व्ह, काय हवं ते आहे. असेल, पण डोक्यावरचा पंखा छाटायचाय हो, सुपारी कातरायला आरागिरणी कशाला? दुसरा इरफानव्ह्यूचा भक्त. हे मात्र खरंच कामाचं: मूळच्या बोस्नियाच्या एका माणसाने लिहिलेलं, इवलंसं, शेकडो फोटो एका दमात लहान करणारं. फुकट फक्त खाजगी वापरापुरतं, ही अट कोण वाचतो म्हणा! तिसरा थेट एखादी साइटच उघडतो. तिथे फोटो, सही, अंगठा बिनदिक्कत परक्याच्या सर्व्हरवर चढवायचा आणि मग चार हिरव्या ‘डाउनलोड’ बटणांतलं खरं कोणतं ते ओळखायचं.

विंडोजमध्ये १९८५ पासून पेंट आहे. क्रॉप होतं, रिसाइझ होतं. पण ते सुचवणाऱ्याला जाणकार कोण म्हणणार? कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला गुपचूप त्यातच फोटो कापतो आणि वीस रुपये घेतो.