काळी मिरी आणि काळी टोपी

अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यात, बॉस्टनहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेले सेलम हे बंदर (तमिळनाडूतील पोलादाच्या सेलमशी त्याचे नाते नाही) दोन कारणांसाठी इतिहासात नोंदले गेले असून, त्यांपैकी ज्याचा शहराला अभिमान वाटावा ते पर्यटकांच्या गावीही नसते आणि ज्याची शरम वाटावी ते पाहण्यासाठी मात्र ते रांग लावून तिकीट काढतात.

अभिमानाचे कारण काळी मिरी हे होय. 1797 मध्ये जोनाथन कार्न्स नावाचा कप्तान ‘राजा’ या जहाजातून सुमात्रातील मिरी थेट सेलमला घेऊन आला, त्या फेरीत सुमारे 700 टक्के नफा झाल्याचे सांगतात, आणि माल नेमका कोठून आणला याबाबत त्याने एखाद्या हलवायाने पाककृतीबाबत पाळावे तसे मौन पाळले. दोनच वर्षांनी स्थापन झालेल्या ‘ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’चे सभासदत्व मिळण्यासाठी केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न या भूशिरांना कप्तान अथवा सुपरकार्गो, म्हणजे जहाजावरील मालाच्या खरेदी-विक्रीचा अधिकारी, या नात्याने वळसा घातलेला असणे आवश्यक होते, केवळ वर्गणी भरून सभासद होता येत नसे, ही बाब आजच्या क्लबांच्या चालकांना अविश्वसनीय वाटेल. देशोदेशीच्या चमत्कारिक वस्तू आणून संस्थेत जमा करण्याची या मंडळींची प्रथा होती. त्यातूनच आजचे पीबडी एसेक्स संग्रहालय उभे राहिले, आणि मुंबईत अमेरिकी जहाजांची दलाली करणारे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्रही तेथेच आहे. सभासदांच्या मिरवणुकीत पालखीदेखील निघत असे. मात्र पालखीत काय असावे याविषयी आपल्याकडे जे संकेत आहेत ते तेथवर पोहोचले नव्हते.

शरमेचे कारण 1692 चे आहे. त्या वर्षी दीडशेहून अधिक माणसांवर चेटकाचे आरोप झाले, 19 जणांना फाशी दिली गेली आणि आरोपाला उत्तर देण्यास नकार देणारा जाइल्स कोरी हा वृद्ध शेतकरी दगडांखाली दडपून मारला गेला. खटल्यांत ‘छायापुरावा’ ग्राह्य धरला जात असे, म्हणजे आरोपीची छाया येऊन आपला छळ करते असे फिर्यादीने सांगितले की ती छाया अन्य कोणाला दिसली नाही तरी चालत असे. राज्यपाल विल्यम फिप्स यांनी हे खटले चालवणारे न्यायालय त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बरखास्त केले. ज्या महिन्यात जुने वेड ओसरू लागले त्याच महिन्यात हल्लीचे भरात येते, आणि सुमारे 44 हजार वस्तीच्या या शहरात अलीकडे एकट्या ऑक्टोबरमध्ये दहा लाखांहून अधिक पर्यटक येतात, त्यांतील बरेचसे टोकदार काळ्या टोप्या घालून.

या पर्यटकाची अभ्यासकाने दखल घ्यावी अशी काही लक्षणे आहेत. चेटकिणींना कोठे जाळले, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि येथे कोणालाही जाळले नाही हे कळताच त्याचा चेहरा पडतो. प्रकरणाची सुरुवात जेथे झाली ते सेलम व्हिलेज म्हणजे शेजारचे डॅनव्हर्स, हे तो ऐकून घेतो पण तिकडे जात नाही, कारण डॅनव्हर्सने 1752 मध्ये वेगळे होताना नावही बदलले आणि बदनामीबरोबर तिचे उत्पन्नही सेलमला देऊन टाकले. जेथे फाशी दिली गेली ती जागा 2016 मध्ये निश्चित झाली, तेव्हा ती एका औषधांच्या दुकानामागे निघाली. तेथे आता साधे स्मारक आहे व गर्दी बेताची असते. गर्दी असते ती ‘विच हाउस’मध्ये, म्हणजे चेटकिणीच्या घरात, जे वास्तविक जोनाथन कॉर्विन या न्यायाधीशाचे घर होते. कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न हाही अशाच एका न्यायाधीशाचा वंशज. त्याने आडनावात एक अक्षर वाढवून पूर्वजापासून अंतर राखले, पण सात त्रिकोणी छपरांच्या ज्या घरावरून त्याने कादंबरी लिहिली त्याला त्याच्या काळी तीनच छपरे उरली होती, आणि बाकीची पुढे विसाव्या शतकात, कादंबरीबरहुकूम, बांधून घ्यावी लागली.

नगरपालिकेची भूमिका तडजोडीची आहे. 1839 मध्ये ठरलेल्या शहराच्या मोहरेवर सुमात्रातील आचे प्रांताचा छत्रीधारी पुरुष आणि संपन्न पूर्वेच्या दूरतम किनाऱ्याचा उल्लेख करणारे लॅटिन ब्रीद विराजमान झाले, तर पोलिसांच्या मोटारींवर झाडूवर स्वार झालेली चेटकीण आली. तेव्हा तीन शतकांपूर्वी जिच्या संशयावरून माणसे पकडली गेली, तिचेच चित्र आता पकडणाऱ्यांच्या वाहनावर आहे, याबद्दल तेथे कोणाला फारसे आश्चर्य वाटत नाही.

धक्क्यासमोर 1819 चे जकातघर उभे असून, जेथे हॉथॉर्नने तीन वर्षे नोकरी केली त्या या इमारतीमागील वजनघरात भलेमोठे तराजू ठेवलेले आहेत. उन्हात दिवसभर फिरून टोपी किंचित कललेला पर्यटक ते पाहून, यात चेटकिणी तोलत असतील, असा तर्क करतो, आणि येथे मिरी तोलत असत असे मार्गदर्शकाने सांगितल्यावर, शंका मिटल्यासारखी मान हलवून, स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे असे विचारतो.