उचल देऊन कवी

थंडी पडली की बीड जिल्ह्यातून दोन प्रकारची माणसं बाहेर पडतात. ऊसतोड टोळ्या कारखान्याकडे आणि कवी साहित्य संमेलनाकडे. टोळीला निदान मुकादमाने बोलावलेलं असतं.

नवोदित कवीला कोण बोलावतं? तोच कविता पाठवतो. सोबत फोटो आणि परिचय. परिचय कवितेपेक्षा लांब असतो आणि बहुतेक वेळा सरसही.

संमेलनातही गावकी-भावकी आहेच. ‘निमंत्रितांचं कविसंमेलन’ मुख्य मांडवात, मानधन आणि हारासकट. बाकीच्यांसाठी कविकट्टा, कुठेतरी जेवणाच्या रांगेजवळ. तिथे श्रोते कमी पडत नाहीत. वरण संपेपर्यंत.

कट्ट्यावर वेळ मोजून तीन मिनिटं. पहिलं मिनिट आयोजकांच्या आभारात जातं, दुसरं ‘या कवितेमागची पार्श्वभूमी’ सांगण्यात. तिसऱ्यात घंटा वाजते. कविता वाचते, म्हणजे वाचण्यापासून.

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा लिहिला, असं सांगतात. वर एक अख्खी पासोडी लिहून भरवली, ती वेगळीच. आजच्या सूत्रसंचालकाच्या तावडीत सापडले असते तर?

‘पंत, शेवटच्या दोन ओळी घ्या.’

समोर बसलेले कोण? पुढच्या नंबरचे कवी. आपलं वाचून झालं, मोबाईलवर फोटो निघाला की गडी चहाला पसार. शेवटच्या कवीला ऐकायला उरतो तो मंडपवाल्याचा माणूस. तोही खुर्च्या उचलायला थांबलेला.

तिकडे मुख्य मांडवात परिसंवाद रंगतो. विषय ऊसतोड कामगाराचं जगणं. वक्ते महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारे. ज्याचं जगणं, तो नेमका त्याच वेळी कुठल्यातरी फडात कोयता चालवत असतो. चुकून मांडवात आलाच असता, तर त्याने एकच विचारलं असतं : माझ्या दुःखाचं मानधन कुणाच्या खात्यावर जमा झालं?

आता पुस्तकांच्या दालनात चला. तिथे प्रकाशक भेटतो. ‘कवितेत दम आहे, संग्रह काढू,’ म्हणतो. दम कवितेत आहे की कवीच्या खात्यात, हे पुढच्या वाक्यात कळतं. छपाईचा खर्च कवीचा, प्रती कवीनेच विकत घ्यायच्या, प्रकाशन समारंभाचा चहाही त्याचाच. प्रकाशकाचं काय? नाव.

उचल घेऊन राबतो तो ऊसतोड कामगार. उचल देऊन राबतो तो नवकवी.

तरीही परंपरेचा अभिमान दांडगा. आद्यकवी मुकुंदराज आमच्या अंबाजोगाईचे, यावर इथे हमरीतुमरी होते. तिकडे विदर्भात अंभोऱ्याचे लोक तोच दावा ठोकून बसलेत. भांडा, जरूर भांडा. फक्त भांडणाऱ्यांपैकी मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ उघडून पाहिलेल्यांनी हात वर करा.

एवढी शांतता?

१९८३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईत भरलं. अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. ‘आम्ही होतो त्या मांडवात,’ असं सांगणारे आज सगळे एका जागी जमवले, तर मांडव परळीपर्यंत न्यावा लागेल. माडगूळकर भाषणात काय म्हणाले, हे मात्र त्यांना विचारू नका. जेवण चांगलं होतं.

आणि बीडचेच न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर? २०२३ साली वर्ध्याच्या ९६ व्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याआधी काय केलं? वाचलं आणि लिहिलं, वर्षानुवर्षं. हा असला आडमार्ग नवोदितांना कुणी सुचवत नाही. त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही ना.

प्रमाणपत्रावरून आठवलं. सहभागाचं प्रमाणपत्र, सन्मानचिन्ह, शाल हे सगळं मिळतं. कुठे कुठे ‘राज्यस्तरीय पुरस्कार’ही मिळतो, नोंदणी शुल्क भरलं की. राज्य कुठलं, ते विचारायचं नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं, तिथून संमेलनाचा हा सोहळा सुरू झाला. १८८५ साली जोतीराव फुल्यांना बोलावणं गेलं, तर त्यांनी पत्र लिहून ठणकावलं की असल्या सभेशी आमचा मेळ बसणार नाही. बोलावणं आलेलं असताना नाही म्हणाले! आज बोलावणं न आलेलाच तेवढा बहिष्कार घालतो. पुढच्या वर्षी पत्रिकेत नाव छापलं की तत्त्वही मिटतं.

मग नवोदिताने संमेलनाला जाऊच नये? जावं की. पण एकदा कविता घरी ठेवून जावं. दुसऱ्याची शेवटपर्यंत ऐकावी, खिशातले पैसे मोजून त्याचा संग्रह घ्यावा आणि वर कळस म्हणजे तो वाचावा. फुकटात ‘सप्रेम भेट’ घेतलेला चालणार नाही.

असा एक जरी माणूस सापडला तर संयोजकांची पंचाईत होईल. अध्यक्ष, उद्घाटक, स्वागताध्यक्ष, निमंत्रक, सगळ्यांसाठी बिल्ले छापून तयार असतात.

वाचकाचा बिल्ला कुणी छापलेलाच नाही.