पारावरून एसटीत

धाराशिव जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांचा वेळ पूर्वी मारुतीच्या पारावर जायचा. लागायचं काय, तर तंबाखूची चंची, चुन्याची डबी आणि रस्त्यानं जाणारा कुणीतरी. तो कुणाचा कोण, कुठं निघाला आणि कालही इकडूनच का गेला, एवढ्यावर सकाळ निघे. पावसाचा विषय वर्षभर पुरे, कारण पाऊस पुरत नसे. शिवाय १९४८ ची पोलीस ॲक्शन होतीच; त्या वेळी पाळण्यात असलेलेही पुढे तिचे डोळ्यांदेखतचे साक्षीदार निघाले. संध्याकाळी भजन, श्रावणात पोथी.

म्हाताऱ्या बायकांच्या वाट्याला पार नव्हता. वाती वळणं, गोधडी शिवणं, तुरीच्या डाळीतले खडे निवडणं, नातवंडं सांभाळणं, या सगळ्याला घरातले ‘आजी निवांत बसलीय’ असं म्हणत.

जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी टीव्हीवाल्या घराची ओसरी हाच पार झाला. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागातली काही गावं नव्या जागी वसली. रस्ते रुंद झाले, घरं लांब लांब गेली, शेजारचा सोबती हाकेपलीकडे राहायला गेला. यात हसण्यासारखं काही नाही. मोबाईलनं पुढे त्याला परत आणलं, पण रोज पहाटे गुलाबाच्या फुलासकट.

खरी क्रांती मात्र एसटीनं केली. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून कंडक्टरनं ‘कुठं जायचं?’ विचारलं की आजोबा उलट विचारतात, ‘ही कुठवर जाती?’ तुळजापूर म्हटलं की तुळजापूर. शून्य रुपयांचं तिकीट घडी घालून टोपीत जातं. आजी त्यांच्याही पुढे: मंगळवारी तुळजापूर, शुक्रवारी येरमाळ्याची येडाई, येता येता लेकीकडे कळंबला मुक्काम. डाळ आता सून निवडते.

अडचण एकच, आधार कार्डाची. या पिढीतले निम्मे लोक एक जानेवारीला जन्मलेले आहेत, आणि साल कार्ड काढणाऱ्याच्या अंदाजाचं. त्यामुळे धाकटा भाऊ पंच्याहत्तरी गाठून फुकट फिरतो, आणि थोरला त्याच्याच शेजारच्या सीटवर ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटाचे सुटे पैसे मोजतो.