128 बाइटांचा बायोडाटा

झिरकपूरला राहणारा माणूस गावी गेला की 'चंदीगडला असतो' असं सांगतो. नीट पत्ता विचारला की मग जिल्हा मोहाली, राज्य पंजाब असं हळूहळू बाहेर पडतं. आम्हीही त्यातलेच. चंदीगडचं भाडं झेपत नाही, म्हणून व्हीआयपी रोडवरच्या एका सोसायटीत आमचं बिऱ्हाड आहे. अंबाल्याकडून येणारा हायवे, त्यावरचा उड्डाणपूल, त्याखालची कोंडी आणि मॅरेज पॅलेस ही या गावाची ओळख. लग्नसराईत रात्री डीजे इतका जवळ वाजतो, की आहेर न देताच आपण जेवून आलोय की काय असं वाटतं.

मी कामाला उबुंटू नावाचं लिनक्स वापरतो. का, ते विचारू नका. ज्यांनी विचारलं ते उत्तर पूर्ण ऐकून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत.

इथे प्रत्येक सोसायटीत कोणी ना कोणी कॅनडाला निघालेलं असतं आणि त्याचं सामान विकायला निघालेलं असतं. अशाच एका मुलाकडून आम्ही जुना मॉनिटर घेतला. फुल एचडी, म्हणजे आडवे 1920 ठिपके, उभे 1080. पण जोडणी फक्त व्हीजीएची. कोपऱ्यावरच्या दुकानातून केबल आणून माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला लावली. चित्र आलं, पण 1024 बाय 768 वर अडून बसलं. चौकोनी चित्र लांबट पडद्यावर ताणल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंद झाली.

नेमकं त्याच संध्याकाळी भाचीसाठी स्थळ आलं. बायकोने मुलाचा फोटो त्या मॉनिटरवर उघडला. बायोडाटात उंची पाच फूट दहा इंच लिहिली होती.

"पाच-दहा असेल," ती म्हणाली, "पण कुठल्या बाजूने?"

मी म्हटलं, दोष मुलात नाही, रिझोल्यूशनमध्ये आहे.

"मग ताईला काय कळवू? कॉम्प्युटरचा होकार यायचाय म्हणून?"

आता गंमत अशी की मॉनिटरचाही बायोडाटा असतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने 1994 साली त्याचा नमुना ठरवून दिला. सगळा मिळून 128 बाइटांचा मजकूर. त्यात कंपनीचं घराणं तीन अक्षरांत, जन्माचं साल, त्या सालातला आठवडा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि काय काय झेपतं त्याची यादी. शेवटचा बाइट असा घालायचा, की सगळ्यांच्या बेरजेला 256 ने भागल्यावर बाकी शून्य उरली पाहिजे. नाही उरली, तर पत्रिका बाद. आमच्या आत्यासुद्धा इतकी छाननी करत नाहीत. केबल जोडली की मॉनिटर हा कागद पुढे करतो आणि लिनक्स तो वाचून चित्र पाठवतं. कागदच आला नाही, तर ते तर्क लढवत नाही. कोणत्याही मॉनिटरला सोसेल असं 1024 बाय 768 देतं आणि गप्प बसतं. माझ्या टर्मिनलमध्ये पडद्याची माहिती देणारी आणि त्याचं रिझोल्यूशन बदलणारी 'एक्सरँडआर' ही आज्ञा चालवून पाहिली, तर ईडीआयडीचा रकाना तिथे नव्हताच.

तेवढ्यात शेजारचे अंकलजी आले. त्यांनी केबलचं टोक उजेडात धरलं. "पुत्तर, इक पिन तां है ही नहीं!"

पिन नव्हती हे खरं, पण ती 9 नंबरची होती, आणि व्हीजीएच्या 15 पिनांतली ती पुष्कळ केबलींत मुळातच नसते. हे त्यांना पटेना. शेवटी म्हटलं, अंकलजी, चंदीगडला तेरा नंबरचा सेक्टर कुठे होता? 2020 मध्ये मनीमाजऱ्याला तो नंबर मिळेपर्यंत शहराचं काही अडलं का? चंदीगडचा दाखला दिला की इथे वाद मिटतो. खरी मेख 12 आणि 15 नंबरच्या पिनांत असते. बायोडाटा त्यांच्यावरून येतो. स्वस्तातल्या काही केबलींत पिना दिसतात सगळ्या, पण आत या दोघींना तारच नसते.

चांगली केबल सेक्टर 22 च्या बाजारात मिळाली असती. पण लग्नसराईच्या संध्याकाळी त्या पुलाखालून जायचं म्हणजे वाटेत एखाद्या वरातीत नाचून मगच पुढे सरकायचं. त्यापेक्षा बायोडाटा आपणच लिहावा! लिनक्सवर माझा जीव आहे तो याचसाठी.

'सीव्हीटी' नावाच्या आज्ञेला 1920, 1080 आणि 60 हे आकडे दिले की ती एक ओळ छापते. त्या ओळीत एका रेषेला 2576 ठिपके मोजलेले असतात, दिसतात त्यातले 1920. रेषा 1120, दिसतात 1080. बाकीचा वेळ कशाला? तर काचेच्या नळीच्या काळात इलेक्ट्रॉनचा झोत पडद्याच्या एका टोकाला पोचला की परत फिरायला त्याला सवड लागायची. नळी गेली, झोत गेला, सवड अजून मंजूर आहे.

पण ती ओळ घ्यायला उबुंटू तयार होईना, कारण पडद्याचा कारभार वेलँडकडे होता. एमआयटीत 1984 साली सुरू झालेल्या एक्स या जुन्या कारभाऱ्याच्या जागी आणायचं म्हणून 2008 साली वेलँडचं काम सुरू झालं. नाव मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं. एक्सरँडआरची असली मनमानी तो चालवून घेत नाही. लॉगिनच्या पानावर कोपऱ्यातलं दातेरी चाक दाबून 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' निवडावं लागलं.

सेटिंग्जच्या खिडकीतून बदल केला तर उबुंटू वीस सेकंद वाट पाहतं आणि होकार आला नाही तर मागे फिरतं. टर्मिनल तेवढं मायाळू नाही. पडदा काळा झाला तर तुमचा तुम्ही. म्हणून आज्ञेच्या शेपटीला 'पंधरा सेकंदांनी पूर्ववत' अशी दुसरी आज्ञा बांधली आणि एंटर दाबलं. क्षणभर काळोख, मग सगळं लख्ख. मागे फिरायच्या आत दुसरी आज्ञा रद्द केली आणि त्या ओळी 'एक्सप्रोफाइल' नावाच्या फाइलीत डांबल्या, कारण तसं केलं नाही तर लॉगआउट होताच सगळं विसरलं जातं.

बायकोने फोटो पुन्हा पाहिला. "अरे, हा तर फारच बारीक आहे. मेसमध्ये जेवतो वाटतं."

दुसऱ्या दिवशी अंकलजी पुन्हा दारात. कॅनडात ब्रॅम्प्टनला पुतण्याचं लग्न, ते लाइव्ह पाहायचं होतं. लॅपटॉप एचडीएमआयने त्यांच्या टीव्हीला जोडला. चित्र झकास आलं, फक्त नवरदेवाच्या पगडीचा तुरा वरून कापला गेला. चित्राच्या कडा छाटायची ही खोड टीव्हींना नळीच्या काळापासून आहे. टीव्हीच्याच मेन्यूत 'जस्ट स्कॅन' निवडलं आणि तुरा सापडला. आंटीजींनी लस्सी आणली.

तिथेच थांबायला हवं होतं, पण हात शिवशिवत होते. एक्सरँडआर चालवलं. टीव्हीने आपली मापं सांगितली होती: रुंदी 160 मिलिमीटर, उंची 90. काही टीव्ही बनवणारे खऱ्या मापांच्या जागी 16 ला 9 हे प्रमाणच भरून मोकळे होतात. लिनक्स ते जसंच्या तसं छापतं. अंकलजींनी चष्मा चढवला, आकडे वाचले, मग भिंतीवरच्या त्रेचाळीस इंची टीव्हीकडे पाहिलं.

"सोळां सेंटीमीटर?" ते म्हणाले. "पैसे तां ओहने पूरे टीवी दे लए सी!"