तूर्तास पेट्रोल

वसंतरावांची गाडी पेट्रोलवर चालते, पण हे त्यांच्यासमोर असं मोकळेपणी म्हणायची सोय नाही. "तूर्तास पेट्रोलवर," अशी दुरुस्ती ते लगेच करतात. हे तूर्तास २०१० सालापासूनचं आहे. त्या वर्षी मारुतीनं कारखान्यातूनच सीएनजी बसवलेल्या गाड्या बाजारात आणल्या आणि वसंतरावांच्या सरळ चाललेल्या आयुष्याला फाटा फुटला. कंपनीचीच सीएनजी गाडी घ्यावी, की साधी पेट्रोलची घेऊन बाहेरून किट बसवावं? तेव्हा ते पाटबंधारे खात्यात होते. मधल्या काळात ते निवृत्त झाले, मुलाचं लग्न झालं, सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं आणि फिसकटलं. या प्रश्नाला मात्र ढळ नाही.

आमच्या कोथरूडात अनिर्णय हा दोष मानत नाहीत, त्याला अभ्यास म्हणतात. वसंतरावांचा अभ्यास दोनशे पानी वहीत आहे. डाव्या पानावर 'कंपनी', उजव्या पानावर 'बाहेरचं'. डावीकडे एखादा चांगला मुद्दा पडला, की उजवीकडे तोलामोलाचं काही सापडेपर्यंत त्यांना घास गोड लागत नाही, असं वहिनी सांगतात. डावीकडे, इंजिनाची वॉरंटी शाबूत. उजवीकडे, पस्तीसेक हजार वाचतात. डावीकडे, मागच्या स्प्रिंगा टाकीचं वजन धरूनच बनवलेल्या. उजवीकडे, हवं ते मॉडेल घ्या, कंपनी देईल त्याच व्हेरियंटवर भागवायला नको. डावीकडे, गॅस कोरडा असतो म्हणून व्हॉल्व्ह सीट मुळातच कडक धातूची. इथं उजवं पान बरेच महिने रिकामं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'गाडी विकताना किट काढून घेता येतं', आणि पुढं पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढून 'आरटीओ?' असं विचारून ठेवलं.

माणूस कंजूष नाही, हे आधी सांगायला हवं. पैशांचा हिशेब त्यांनी केव्हाच संपवलाय, आणि तो कुणालाही तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्यांचं रनिंग महिन्याला ३०० किलोमीटर. गॅसवर किलोमीटरमागं सव्वादोन रुपये वाचतात असं धरलं, तर कंपनीच्या गाडीला जादा मोजलेले ९५,००० फिटायला ४२,००० किलोमीटर लागतात, म्हणजे पावणेबारा वर्षं. बाहेरच्या किटचे ६०,००० साडेसात वर्षांत फिटतात. "मग जाऊ द्या की, पेट्रोलच बरं," असं मी एकदा म्हणालो. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे मूळ प्रश्न रनिंग वाढवण्याचा आहे." पुढचे काही दिवस ते भाजी आणायला गाडी काढून मार्केटयार्डात जात होते. शंभराची भाजी आणि दोनशेचं पेट्रोल, हा हिशेब वहिनींनी वहीशिवाय केला.

संध्याकाळी वसंतराव फिरायला बाहेर पडतात ते थेट गॅसच्या पंपावर. रांगेत उभा असलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, हे त्यांनी हेरलेलं आहे. लांबूनच ते गाडी ओळखतात. पेट्रोलच्या झाकणाशेजारी नळी लागली की कंपनी, बॉनेट उघडलं की बहुतेक बाहेरचं. गॅस भरताना सगळ्यांना गाडीतून खाली उतरावं लागतं. त्यामुळं आजी, जावई, झोपेतून उठवलेलं पोर अशी सगळी वरात वसंतरावांच्या तावडीत आयतीच सापडते. "ॲव्हरेज काय पडतं? कात्रजच्या चढाला एसी बंद करावा लागतो का? ताकद कमी वाटते का हो?" आता गॅसवर ताकद थोडी कमी पडणारच, ती कंपनीच्या गाडीतही पडते. पण वसंतरावांना उत्तराशी कर्तव्य नसतं, नोंदीशी असतं. एकदा ते चुकून रिक्षांच्या रांगेत शिरले.

"काका, कुठं जायचंय?"

"कुठं नाही. तुमचं कंपनी फिटिंग का?"

"रिक्षा आहे ओ ही."

"तेच विचारतोय."

"बसा, सोडतो. मीटरनं."

त्या रिक्षावाल्यानं मात्र काम केलं. रात्री उशिरा या, नाहीतर पहाटे, असं त्यानं सांगितलं. टाकीत गॅस २०० बारनं बसायला हवा. संध्याकाळच्या गर्दीत पंपाचंच प्रेशर उतरतं, मग काटा दीडशे-पावणेदोनशेवर अडकतो आणि गॅस अर्धवट भरूनच पुढच्याला जागा करून द्यावी लागते. वसंतरावांनी हे दोन्ही पानांवर लिहिलं. एकाच ओळीचा हक्क दोघांनाही मिळाला, असा प्रसंग त्या वहीत विरळा.

शोरूममध्ये त्यांना आता ओळखतात. टायवाला नवा मुलगा असेल तरच पुढं येतो. "सर, टाकी साठ लिटरची आहे." "साठ लिटर पाणी बसेल हो. गॅस किती किलो?" मुलगा आत जातो तो चहा घेऊनच बाहेर येतो. नऊ-दहा किलो, हे उत्तर वसंतरावांना ठाऊक असतंच. पण समोरच्याला ते ठाऊक नाही हे बघून परतीच्या वाटेवर त्यांची चाल दोन वर्षांनी तरुण होते.

नाना पेठेतल्या गॅरेजवाल्याची गोष्ट वेगळी. तो वसंतरावांना घाबरत नाही, कारण त्याला सगळं येतं. एका सकाळी आम्ही दोघं तिथं गेलो तेव्हा एका गाडीचं काम चालू होतं. लाकडी फळीवर रेड्यूसर, इंजेक्टरची रेल, ईसीयूचा डबा, वायरिंगचा गुंता आणि हिरव्या दिव्यांचा तो छोटा स्विच ओळीनं मांडला होता. "इटालियन आहे काका," तो म्हणाला, आणि ड्रिल मशीन उचललं. "इनटेक मॅनिफोल्डला चार भोकं. प्रत्येक सिलिंडरला एक नोझल. बिटाला ग्रीस लावलंय, कीस चिकटून बाहेर येतो, आत पडत नाही." ग्रीस खरंच लावलेलं होतं, आणि चांदीसारखा कीस त्यात गुंतून वर येत होता. मला ते बघायला मजा वाटली. पण तान्ह्या नातवाचे कान टोचताना आजोबा तोंड फिरवतात तसं वसंतरावांनी तोंड फिरवलं. गॅरेजवाल्यानं ड्रिल थांबवलं. "काका, गाडी तुमची नाहीये."

गाडी ज्याची होती तो गृहस्थ कोपऱ्यात शांतपणे पेपर वाचत होता. वसंतराव त्याच्याजवळ जाऊन बसले. "मंजुरीचं सर्टिफिकेट तुमच्या मॉडेलचंच आहे ना? आरसीवर नोंद करून घ्यायची, माहीत आहे ना? इन्शुरन्सला कळवलंत? किटचा जादा प्रीमियम भरावा लागतो. नाही कळवलं तर उद्या क्लेमला हात वर करतात." गृहस्थाचा पेपर खाली आला. सल्ला चोख होता, यात वाद नाही. फक्त तो ड्रिल चालू व्हायच्या आधी मिळाला असता तर त्या माणसाचा रंग उडाला नसता.

निर्णय लागायची वेळ एकदा अगदी जवळ आली होती. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सहाच्या गाड्या आल्या, आणि त्यांना बाहेरून किट बसवायची तरतूद नियमांत नव्हती. उजवं पान आपोआप निकालात निघालं. वहिनींनी पेढ्यांची भाषाही केली. वसंतराव तेवढा काळ खचले होते. टेकडीवर गप्प असत, कुणी मायलेज विचारलं तरी पुरतं सांगत नसत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं ती तरतूद केली, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. नवी वही आली. पुढच्याच वर्षी टाटांनी अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी निजवल्या. 'डिकी' या विषयावरची पानंच्या पानं रद्द करावी लागली. तीही त्यांनी आनंदानं केली.

टेकडी म्हणजे वेताळ टेकडी. तिच्यावर वेताळाचं देऊळ आहे आणि एआरएआयही आहे. गाड्या, इंजिनं आणि ही गॅसची किटं तपासून मंजुरी देणारी संस्था आपल्या फिरण्याच्या वाटेवर असावी, याचा वसंतरावांना कोण अभिमान. देवळाशी हात जोडतात, एआरएआयच्या फाटकाशी थांबून श्वास घेतात. गॅसच्या टाक्यांचा कारभार स्फोटकांच्या खात्याकडे असतो आणि त्याचं मुख्यालय नागपूरला आहे. साडूंकडं जाऊ तेव्हा ते बाहेरून बघून यायचं, असं त्यांनी ठरवलंय. तेही अजून ठरलेलंच आहे.

त्यांचा सल्ला घेऊन सोसायटीत गाड्या घेतल्या गेल्या आहेत, दोन्ही प्रकारच्या. पण सल्ला घ्यायची पद्धत माहीत हवी. 'कंपनीची घेतो' म्हणालात, की ते बाहेरच्या किटची थोरवी सांगतात. 'किट बसवतो' म्हणालात, की कंपनीची. म्हणून सी विंगमधले एक धोरणी गृहस्थ मनात होतं त्याच्या नेमकं उलट सांगून आले आणि वसंतरावांचा भरघोस पाठिंबा घेऊन शोरूमला गेले. मला यात दुटप्पीपणा दिसत नाही. समोरच्यानं घेतलेला निर्णय एकटा पडू नये, याची ती काळजी आहे.

आणि त्या काळजीचा उपयोग होतो. टाकीची हायड्रोटेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, तारीख उलटलेली असली की पंपवाला गॅस नाकारतो. सोसायटीतल्या सगळ्या टाक्यांच्या तारखा वसंतरावांना पाठ आहेत. जिन्यात गाठून ते महिनाभर आधी बजावतात. एकदा तळमजल्यावरच्या देशपांड्यांच्या गाडीपाशी त्यांना वास आला. आम्हाला कुणालाच नव्हता आला. त्यांनी चारही खिडक्या आणि डिकी उघडायला लावली. "हा हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. स्वयंपाकाचा जड, तो खाली बसतो," हे तेवढ्यातही समजावून सांगितलं. मग घरून दाढीचा ब्रश आणि साबणाचा फेस आणला, टाकीच्या व्हॉल्व्हपाशी गुडघ्यावर बसले आणि जोडाजोडाला फेस लावत गेले. एका नटाशी बारीक बुडबुडा आला, फुटला, परत आला. "इथं," ते म्हणाले. व्हॉल्व्ह बंद करून त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. गाडी कंपनी फिटिंगची का बाहेरची, हे त्या दिवशी त्यांनी एकदाही काढलं नाही. वहीत लिहिलं का, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

वहिनींचं मत कुणी घेत नाही, म्हणून त्या ते चहाबरोबर देतात. "गणपतीला गावी जाताना डिकीत टाकी ठेवायची की तांदळाचं पोतं?" वसंतरावांनी यावर पोत्याची लांबी-रुंदी मागितली.

दरम्यान गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते आणि वसंतराव ज्येष्ठांच्या पासावर पीएमपीनं हिंडतात. परवा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. बस सीएनजीचीच होती. मी म्हटलं, "वसंतराव, तुम्ही तर रोज गॅसवरच फिरताय की." ते क्षणभर थबकले. मग उठले, दांड्याला धरत धरत पुढं गेले आणि कंडक्टरला म्हणाले,

"अहो, हिची हायड्रोटेस्ट कधी झालीय?"

"पास दाखवा, काका."

"दाखवतो. तारीख सांगा आधी."

"माझी का बसची?"

"बसची हो."

"ते डेपोत विचारा. तुमच्या पासाची मात्र काल संपलीय."