माजी सडपातळ

केळापूर तालुक्यात माजींची वानवा नाही. माजी सरपंच, माजी सभापती, सोसायटीचे माजी अध्यक्ष, माजी मुख्याध्यापक. लग्नपत्रिकेच्या तळाशी सगळ्यांची नावं मानाने सापडतात. पण या सर्वांहून संख्येने मोठा असा एक वर्ग कुठल्याच पत्रिकेत छापला जात नाही. तो म्हणजे माजी सडपातळांचा. हा गृहस्थ साठीच्या अलीकडे-पलीकडे असतो. शाळेतून किंवा कचेरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला, नाहीतर वावर ठेक्याने देऊन मोकळा झालेला. शर्टाची खालून दुसरी गुंडी कायम ताणावर. पँटचा पट्टा मात्र वीस वर्षांपूर्वी होता त्याच भोकात, आणि हे भोक तो पुरावा म्हणून दाखवतो. पट्टा तेव्हा पोटावर होता आणि आता पोटाखाली गेला आहे, एवढा तपशील वगळून. समोरच्या खोलीत लग्नातला फोटो असतो. त्यात कॉलर इतकी ढिली की मान आत फिरवून घ्यावी. आल्यागेल्याला तो फोटो दाखवला जातो आणि मग पोटावरून हात फिरवत निकाल दिला जातो, "आता वय झालं न जी!" गाव त्यांना काकाजी म्हणतं, आपणही तेच म्हणू. माझं म्हणणं एवढंच, की काकाजींनी वयावर घेतलेला हा आळ खोटा आहे. आणि खरा गुन्हेगार त्यांच्या पुढ्यात रोज दोनदा वाढला जात असूनही ते त्याचं नाव घेत नाहीत, याला कारण आहे.

आधी वयाची बाजू ऐकू. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांचा हिशेब मांडला. त्यात आठ दिवसांचं बाळही होतं आणि पंच्याण्णव वर्षांचे आजोबाही. निष्कर्ष असा, की शरीराच्या आकारमानाचा फरक वजा केला तर विसाव्यापासून साठाव्या वर्षापर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च जवळजवळ तसाच राहतो. साठीनंतर तो उतरू लागतो, तोही वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने. काकाजींची गुंडी पंचेचाळिशीतच ताणली गेली होती, तेव्हा वय अजून खिजगणतीतही नव्हतं. दुसरा साक्षीदार तालुक्यातून जाणाऱ्या रस्त्यावरच राहतो. पांढरकवड्याजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, जो जुन्या माणसांच्या तोंडी अजून सातच आहे, तो दक्षिणेला हैदराबादेत पोचतो आणि तिथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे ६५ किलोच्या पुरुषाला अंगमेहनतीचं काम असेल तर दिवसाला ३,४७० कॅलरी लागतात, मध्यम कामाला २,७१०, आणि बैठ्या जीवनाला २,११०. म्हणजे वखर सोडून खुर्चीत बसलेल्या माणसाची गरज १,३६० कॅलरींनी घटते. ज्वारीचं शंभर ग्रॅम पीठ सुमारे ३३४ कॅलरी देतं. तेवढ्या पिठाची एक भाकर धरली तर या झाल्या चार भाकरी. उलट साठ ते सत्तर या दहा वर्षांत वयाने कापलेला भाग दीडशे कॅलरींच्या आतबाहेर, म्हणजे भाकरीचा अर्धा चतकोर नव्हे, पण पुरती अर्धी भाकरही नव्हे. वय अर्धी भाकर परत मागतं आणि खुर्ची चार मागते. काकाजी दोघांनाही काही देत नाहीत.

यावर निवृत्त गुरुजी वर्गातले काकाजी हरकत घेतील, की आम्ही कुठे वखर हाकत होतो? मान्य. पण सायकलने दुसऱ्या गावच्या शाळेत जाणं, वर्गात उभं राहणं, रविवारी वावरात फेरी, हे मध्यम काम धरलं तरी सहाशे कॅलरींचा, पावणेदोन भाकरींचा फरक राहतोच. शेतकरी काकाजींची गोष्ट तर कागदावरच करून पाहता येते. दीड फुटी पासेचा वखर एकरभर रानात फिरवायचा तर बैलांमागे जवळपास नऊ किलोमीटर चालावं लागतं, तेही ढेकळांतून. ट्रॅक्टर आला, ते नऊ किलोमीटर गेले. तणनाशक आलं, निंदण आणि डवरणी आटोपली. मोटारसायकल आली, धुऱ्यापर्यंतची पायपीट संपली. विहिरीवरची मोटार आता खाटेवर पडल्या पडल्या मोबाईलवरून सुरू होते. यातली एकही गोष्ट वाईट नाही. ज्याने रात्रीच्या विजेसाठी अंधारात विहीर गाठली आहे त्याला ते विचारा. फक्त यातली प्रत्येक गोष्ट येताना भाकर घेऊन जायला हवी होती, ती तशीच ठेवून गेली.

मग हुकमी आजोबा काढले जातात. "आमचे आबाजी वाटीनं तूप प्यायचे, काय झालं त्यायले?" आबाजी रोज वाटीभर तूप पीत असतील यावर माझा विश्वास नाही, सणावारी प्यालेलं तूप नातवांच्या आठवणीत रोजचं होतं. पण प्यायले असं धरू. एक तर नऊ किलोमीटरचा वखर त्यांच्या बाजूने होता. दुसरं म्हणजे १९५१ च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरं; तरीही ऐंशी गाठून तुपाची कीर्ती वाढवणारे आबाजी प्रत्येक घरात नव्हते. जे चाळिशीत गेले त्यांच्या आहाराचा दाखला पंगतीत कोणी देत नाही.

आता मूळ प्रश्न. काम कमी झालं तर ताट का कमी होत नाही? जिभेला दोष देणं सोपं आहे, पण जीभ तर म्हातारपणी मंदावते. माझ्या मते ताट हलत नाही, कारण ते आता अन्नाचं राहिलेलं नाही. काकाजी राबत होते तोवर ताट ही मजुरी होती. आता ते पद आहे. शाळा सुटली, सोसायटी सुटली, वावराचे निर्णय पोराकडे गेले, एटीएमचं कार्डही बहुधा त्याच्याच खिशात. राजीनामा न दिलेलं एकच पद उरलं, ते पहिल्या पंगतीतल्या पाटाचं. केळापूरच्या जगदंबेपुढे नवस फेडायचा, गोवऱ्यांच्या आहारावर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी चरचरवायची, तर काकाजींना सर्वांआधी बोलावलं जातं आणि त्यांचा रोडगा कुस्करून त्यात तुपाची धार सोडली जाते. ती धार किती वेळ चालते यावरून गावातला मान मोजतात. तिथे हात आडवा धरणं म्हणजे मान परत करणं. "एवढ्यानं काय होते जी?" हा वाढणाऱ्याचा प्रश्न उत्तरासाठी नसतोच. घरातही तेच. सुनेने एक दिवस पोळीवरचं तूप अर्धं केलं तर ते आरोग्याचं पाऊल ठरत नाही, सत्तांतर ठरतं.

आणि समजा, काकाजींनी हिंमत करून पाच किलो उतरवले. गाव काय म्हणेल? "लय वाळले जी काकाजी, शुगर लागली का?" हे पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यात, "पोरगा-सून पाहत नाही वाटते." तिसऱ्यात कर्जाचा अंदाज बांधला जातो. ज्या जिल्ह्यात कापूस-सोयाबीनचं एक बिघडलेलं वर्ष घरातल्या माणसांच्या गालांवर उमटतं, तिथे भरलेलं पोट हा पतपुरवठ्याचा दाखला असतो. घरात लग्नाची पोर असेल तर पाहुणे घराच्या भिंतींबरोबर घरधन्याचा बांधाही पाहून जातात. त्यामुळे काकाजींचं वजन उतरावं असं मनापासून वाटणारी घरातली एकमेव व्यक्ती, म्हणजे सून, तीच आपली अब्रू राखायला चौथी पोळी वाढते. मनोनिग्रहावर लिहिलेल्या पुस्तकांत या पोळीचा विचार केलेला नसतो.

म्हणून काकाजी दुसऱ्या मार्गाने वजन कमी करतात, तो मार्ग म्हणजे हिशेब. या भागातल्या माणसाला वजनाचं शिक्षण लागत नाही. कापसात आठ टक्क्यांवर ओल निघाली की भाव कापला जातो आणि बारावर गेली की हमीभावाच्या केंद्रावरून गाडी परत येते, हे त्याला तोंडपाठ आहे. तोच नियम तो काट्यावर स्वतःला लावतो: कपड्यांचे दीड किलो वजा, मोबाईल वजा, नुकतंच प्यालेलं पाणी वजा, आणि उरलेला माल चोख. तरीही आकडा जास्त आलाच तर तो म्हणतो, "वजन बरोबर आहे, फक्त पोट आहे." इथे मात्र पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आडवे येतात. २००४ च्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा जोडीने फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. आपल्याकडचा माणूस सडपातळ दिसत असतानाही आतून साठवत असतो. म्हणूनच भारतीय पुरुषाच्या कमरेची मर्यादा ९० सेंटीमीटर धरतात. पट्ट्याचं भोक यात ग्राह्य नाही. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची असते. आणि 'फक्त पोट' हेच तर आरोपपत्र आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांमध्ये पोटाचा लठ्ठपणा आढळला, म्हणजे काकाजी एकटे नाहीत. हे त्यांना सांगू नये, धीर येतो.

चालण्याचं काय, असं कोणी विचारेल. काकाजी चालतात. पुण्याच्या पोराने पाठवलेलं घड्याळ मनगटावर बांधून, सकाळी, चौघांच्या जथ्यात. दहा हजार पावलांचा आकडा त्यांना वेदवाक्य वाटतो. तो १९६५ साली एका जपानी पावलं-मोजणी यंत्राच्या जाहिरातीतून आला, प्रयोगशाळेतून नव्हे. साडेचार किलोमीटर झपझप चाललं तर त्यांच्या वजनाच्या माणसाच्या अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात. हे थोडं नाही, महिनाभरात किलोभर चरबीचा हिशेब लागतो. अट एवढीच, की फेरीचा शेवट तर्री पोह्याच्या ठेल्यावर होऊ नये. दोन आलुबोंडे आणि साखरेचा चहा यांनी ते साडेचार किलोमीटर केव्हाच गिळलेले असतात. या तालुक्याला चालणं शिकवायची गरज नाही. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगेत पोचला. त्याच्याही गळ्यात मोजणीचा पट्टा होता. फरक असा, की त्याला वाटेत ठेला नव्हता.

डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धतही काकाजींनी केली आहे. जिचकार काटोलचे, म्हणजे विदर्भाचा अभिमान आधीच खात्यात जमा. दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, हा नियम. काकाजींनी त्यातली पंचावन्न मिनिटं पूर्ण वापरली.

तरी एक हरकत अशी आहे, जी मी उडवून लावू शकत नाही. उतारवयात उतरलेलं वजन नुसती चरबी नसतं, स्नायूही जातात. मांड्या रोडावतात, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो, तोल जातो. कारण नसताना वजन उतरू लागलं तर ते डॉक्टरला दाखवायचं असतं, पेढे वाटायचे नसतात. म्हणजे "वाळले जी" म्हणणारं गाव अगदीच अडाणी नाही. त्याच्या भीतीत अनुभव आहे. पण त्यावरून ताट तसंच ठेवा असं निघत नाही. भाकर कमी करा, वरण-डाळ, ताक, अंडी राहू द्या, आणि अंगाला वजन उचलायला लावा, एवढंच निघतं. आणि इथे काकाजींपेक्षा काकूंची स्थिती बरी, असं म्हणायचा मोह होतो, कारण त्या कधी निवृत्तच झाल्या नाहीत. पण जातं गेलं, विहिरीची खेप गेली, पाट्याची जागा मिक्सरने घेतली. त्या दिवसभर उभ्या असतात आणि तरी वाढतात. शिवाय उरलेली चौथी पोळी टाकवत नाही म्हणून तीही त्यांच्याच पोटात जाते. त्यांच्यावर स्वतंत्र लेख हवा.

काकाजींनी वजन उचलावं म्हटलं तर व्यायामशाळा त्यांना पोरकट वाटते आणि तुरीचा कट्टा उचलला तर पोराची बदनामी होते. मान न घालवता घाम येईल असं काम गावात एकच आहे, ते वाढप्याचं. वरणाची भरली बादली दहा-बारा किलोची सहज असते. ती घेऊन पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, पन्नास पानांपुढे पन्नास वेळा वाकायचं, परत फिरायचं, भाताची टोपली घ्यायची. यात पाठ, मांड्या, दंड सगळं कामाला लागतं, आणि पद कमी होत नाही. उलट तुपाची धार कोणाला किती, हे ठरवण्याचा अधिकार हाती येतो. लोक म्हणतील, काकाजी या वयातही उभे आहेत. तेरवी असो की नवस, तालुक्यात पंगतींना तोटा नाही, त्यामुळे सरावही चुकायचा नाही. शिवाय वाढप्याला शेवटच्या पंगतीत बसावं लागतं, आणि तोवर आग्रह करणारी सगळी मंडळी जेवून, चिंचेखाली तोंडावर दुपट्टा घेऊन घोरत असतात.