चेअरमन नसलेली साखर

मी घरी साखर बनवतो, असं बारामतीत कुणाला सांगू नये. समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "चेअरमन कोण?"

त्याचंही चुकत नाही. एका अंगाला माळेगाव, दुसऱ्या अंगाला सोमेश्वर, इंदापूरकडे निघालं की भवानीनगरचा छत्रपती, पुढे बिजवडीचा कर्मयोगी, आणखी आत नीरा-भीमा. वालचंदनगरला तर साखर कारखान्यांना लागणारी यंत्रंच बनतात. दिवसाला हजारो टन ऊस गाळणाऱ्या या मुलखात एका गृहस्थाने बँकेतून आल्यावर ओट्याशी उभं राहून वाटीभर साखरेला मोसंबीची साल चोळावी आणि बरणीवर 'स्मॉल बॅच' अशी चिठ्ठी डकवावी, याला मी छंद म्हणतो. घरात दुसरा शब्द चालतो.

आणि मी साखर बनवतही नाही. बनलेल्या साखरेला वास लावतो, केक-बिस्किटांत घालायला. पण 'मी साखरेला वास लावतो' या वाक्याने चारचौघांत वजन वाढत नाही, आणि सगळा उपद्व्याप तर वजनासाठीच चालला होता. (केक खाऊन वाढलं ते वेगळं.) पुण्यात एका नातेवाइकांकडे लॅव्हेंडर साखरेची इटुकली बाटली पाहिली. त्यांनी ती वापरायला काढली नव्हती, दाखवायला काढली होती. किंमत बुडाशी चिकटवलेली. ती वाचून मी सासवडपर्यंत गप्प होतो. जेजुरी मागे पडल्यावर बायकोला म्हणालो, "आपल्याकडे तर अख्खं पोतं आहे."

ते पोतं दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. दादा कारखान्याचे जुने सभासद. कुठल्या ते लिहीत नाही, कारण आमच्याकडे कुठली ना कुठली निवडणूक तोंडावर असतेच. दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळते, आणि दादांना मधुमेह आहे. या दोन्ही गोष्टी एकाच घरात वर्षानुवर्षं नांदतात. चहा फिका झाला, पुरणपोळी सणापुरती चतकोर उरली, आंब्यावरही डॉक्टरांची नजर आहे. पण सभासदाची साखर सोडायची गोष्ट काढली की दादा असे बघतात, जणू मी सातबाऱ्यावरून त्यांचं नाव कमी करायला सांगितलंय. कार्ड घेऊन रांगेत ते स्वतः उभे राहतात. ही साखर खायची नसते, उचलायची असते. उचलली की सभासद जिवंत आहे हे कारखान्याला कळतं, आणि दादांनाही. मग ते पोतं कोठीच्या खोलीत बसतं, आणि आई डबे भरभरून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती देत राहते.

त्या पोत्याला मी संस्कार द्यायचे ठरवले.

कृती इतकी सोपी आहे की ती सांगताना मी मुद्दाम आवाज खाली आणतो. सालीच्या अगदी बाहेरच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात, सगळा सुगंध तिथे. त्याखालचा पांढरा थर कडू. किसणीने फक्त वरचं घ्यायचं, साखरेत टाकायचं आणि बोटांनी चोळत राहायचं. साखरेच्या दाण्याला कोपरे असतात. ते कोपरे पिशव्या फोडतात, तेल दाण्यावर बसतं, साखर ओलसर होते आणि स्वयंपाकघरात कुणीतरी श्रीमंत राहत असावं असा वास सुटतो. मग ताटात पसरून पंख्याखाली वाळवायची. ओव्हनमध्ये नाही, तेल उडून जातं. आपलं कागदी लिंबू या कामाला नाठाळ. साल इतकी पातळ की पिवळं कुठे संपलं आणि पांढरं कुठे सुरू झालं हे लिंबालाच ठाऊक. म्हणून मोसंबी, संत्रं, नशीब असेल तर ईडलिंबू.

इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या विड्याच्या पानांचं मोठं नाव. स्थानिक अभिमानापोटी मी पानाचीही साखर केली. तिची बिस्किटं खाऊन मुलीने विचारलं, "बाबा, आता थुंकायचं का?"

पण खरी परीक्षा मामांची होती. आईचे थोरले भाऊ, हयात कारखान्यात पॅनवर गेलेली. हा पॅन म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. माणसाने खाली उभं राहून मान वर करावी एवढं बंद भांडं, आतली हवा ओढून घेतलेली, त्यामुळे पाक साठ-सत्तर अंशांतच उकळतो आणि करपत नाही. त्यात दाणा नीट धरतोय की नाही हे पॅनमन पाहतो. आतला नमुना काढायचा, काचेवर पसरायचा, उजेडाकडे धरायचा. एक दाणा मोठा आणि एक बारीक दिसला की मामांची झोप उडायची. त्यांनी माझ्या बरणीतली चिमूट मोबाइलच्या काचेवर पसरली, खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटला.

"दाणा एस-तीस हाय," मामा म्हणाले. मी फुललो. तेवढ्यात त्यांची नजर शेजारच्या बरणीवर गेली. "आन ह्यो भुगा कशाचा?"

मी समजावलं, की बटरमध्ये फेटायला बारीक दाणा लागतो, लवकर विरघळतो, केक हलका होतो, म्हणून मिक्सरमधून जरासा फिरवला.

"आरं, आठ-आठ तास उभं राहून आमी दाणा पाडला, आन तू त्येला मिक्सरात घालून मारलास व्हय?"

मग बहुधा माझी दया येऊन त्यांनी मला सगळा कारखाना ऐकवला. उसाचा रस काळपट-हिरवा, वास असा की पोटात भूक उठावी. त्यात चुना टाकायचा, गंधकाचा धूर सोडायचा, गाळ खाली बसवायचा, पाणी आटवायचं, पॅनमध्ये दाणा धरायचा, आणि शेवटी गरगर फिरणाऱ्या जाळीत घालून दाण्याला चिकटलेली मळी झटकून काढायची. १०० किलो उसामागे १०-११ किलो साखर. रंग गेला, चव गेली, वास गेला. उरला नुसता गोडवा. "जेवढी मुकी, तेवढी चांगली," मामा म्हणाले. "आन तू तिला पुन्हा बोलाया लावतुयास."

हे मला लागलं. कारण ते खरं होतं. नीरेच्या कालव्याचं पाणी, दीड-दीड वर्ष रानात उभा राहणारा आडसाली ऊस, रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला उठणारी माणसं, आणि या सगळ्याच्या शेवटी येते ती साखर कुठल्याही गावची असू शकते. गूळ कोल्हापूरचा म्हणून ओळखला जातो. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव असतं, साखरेत नसतं. आम्ही एवढा खटाटोप करून उसातली बारामती काढून टाकतो, आणि मग मी ओट्याशी उभा राहून तीत परगावची मोसंबी घालतो.

इथे मला मोरोपंत आठवतात. बायकोचं म्हणणं, तुला कशावरूनही मोरोपंत आठवतात. पण बारामतीत बसून एकाच साखरेच्या निरनिराळ्या बरण्या भरणाऱ्याने दुसऱ्या कुणाकडे बघायचं? जन्म पन्हाळ्याचा, १७२९चा. तरुणपणी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने इथे आले आणि १७९४ मध्ये गेले तेही इथेच. मधल्या काळात कऱ्हेच्या काठी बसून त्यांनी एकच रामायण १०८ प्रकारांनी रचलं असं सांगतात. एकच गोष्ट! तोच वनवास, तेच सोन्याचं हरीण, तोच रावण. ऐकणाऱ्याला शेवट पाठ. तरी पंत आपले बसलेत, एका रामायणात मंत्राची अक्षरं गुंफतायत, दुसऱ्याला आणखी कसली अट घालतायत. माझं सगळ्यांत लाडकं निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लावायचा नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. नीट विचार करा. रामायण सांगायचं आणि 'राम' म्हणायचं नाही, कारण त्यात म आला. लक्ष्मण गेला, भरत गेला, बिभीषण तर दोनदा गेला. मारुतीची पंचाईत. आणि एवढं सगळं निभावून शेवटी कवीला सही करायचीही सोय नाही, कारण मोरोपंतांत म आहे आणि प आहे. गावाचं नाव घालावं, तर बारामतीही बाद. याला कुणी विचारलं असेल का, की पंत, साधं रामायण असताना हे कशाला? विचारलं असणारच. घरचे असतातच. पण १०८ बरण्या भरून झाल्याशिवाय ते उठले नाहीत, आणि एकाही बरणीत गोष्ट बदलली नाही. मी हे बँकेत सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, पंतांना मार्चअखेर नव्हता.

आईला मोरोपंतांचं काही सोयरसुतक नाही. ती म्हणाली, "वेलदोडा साखरेबरोबर घातल्याशिवाय कधी बारीक कुटला जातो का? केशर काय मी कोरडं खलते? त्यात चिमूट साखर घालावीच लागते. आणि गुलाबाच्या पाकळ्या अन् खडीसाखर थरावर थर देऊन उन्हात ठेवतो, त्याला काय म्हणतोस तू?" तिच्या आईनेही हेच केलं होतं, फक्त चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. वेलदोड्याची सालं साखरेच्या डब्यात टाकायची आमच्याकडे इतकी जुनी सवय, की माझा मोठा शोध लागला तेव्हा तो डब्याच्या तळाशी आधीच पडलेला होता.

मग मी त्यांच्याकडे नसलेली गोष्ट आणली: व्हॅनिलाच्या शेंगा. शेंग चिरायची, साखरेत पुरायची आणि काही आठवडे विसरायचं. विसरता येत नव्हतं म्हणून व्हॅनिलावर वाचत बसलो. याचं फूल उमलतं ते एका सकाळपुरतं, आणि मेक्सिकोबाहेर शेंग धरायची तर परागीकरण हाताने करावं लागतं. ती युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, एक काडी आणि स्वतःचा अंगठा एवढ्यावर. आजही शेंगा तशाच धरतात. व्यापार भरभराटीला आला, अल्बियस गरिबीत मेला.

हे वाचलं त्या सुमारास आमच्या उसाला तोड आली होती. बीडकडची टोळी. नवरा आणि बायको मिळून एक कोयता; राबतात दोघं, हिशेबात एक. संध्याकाळी मी शेंगांचं पार्सल घेऊन परत येत होतो, तेव्हा पालावरची एक मुलगी दुकानातून साखर घेऊन चालली होती. पाव किलोची पुडी, दुकानाच्या दराने. तिच्या आईने दिवसभर तोडलेला ऊस रस्त्याच्या कडेला ट्रॉलीत भरलेला होता. ज्याच्या घरात खायला मनाई, त्याला सवलतीत पोतं, आणि जिच्या हाताला पाचटाचे ओरखडे, तिला पुडी. याचा हिशेब कुठल्या सर्वसाधारण सभेत विचारायचा मला माहीत नाही. मी तर सभासदही नाही, सभासदाचा मुलगा आहे. दुसऱ्या दिवशी आईने एक डबा पालावर पाठवला. त्याने हिशेब जुळला असं तीही म्हणाली नाही.

दिवाळीत मोसंबीची साखर घेऊन बेकरीत गेलो. आमच्याकडे अजून मैदा, तूप, साखर आपली देऊन नानकटाई भाजून आणतात. मी बरणी देताना बेकरीवाल्याला दोनदा बजावलं, यात नैसर्गिक सुगंध आहे, दुसरं काही घालू नका. डबा घरी आला. उघडला. इसेन्सचा भपकारा पार अंगणापर्यंत गेला. विचारल्यावर तो प्रेमाने म्हणाला, "साखरेला जरा कसलातरी वास येत होता साहेब, म्हणून दोन थेंब जास्त टाकले."

आता बरण्यांकडे बाहेरचं कुणी बघत नाही. बघतात ते दादा. माझ्या उशिरा लक्षात आलं, कारण झाकणं सैल सापडायला लागली. सकाळी बोटाला सुई टोचून आकडा पाहिला की ते फळीशी जातात, एकेक बरणी उघडतात, नाकाशी धरतात, बंद करतात. ओठाला काही लागत नाही. नाश्त्याला बसल्यावर अहवाल देतात: संत्रं उतरलं, व्हॅनिलाला अजून वेळ हाय, केशरात हात राखलास. डॉक्टरांनी वासाबद्दल काही सांगितलेलं नाही, आणि विचारायला जायचं नाही असं आमचं घरात ठरलंय.

परवा त्यांनी तक्रार केली. "समदं लिवतोस, उसाचं नाव का न्हाई?" आणि मजकूर सांगितला: को ८६०३२, खोडवा, विहिरीवरची पट्टी.

मामा बसलेच होते. "दाजी, कारखान्यात समद्या गावांचा ऊस एका गव्हाणीत पडतो. तुमचा त्यात कुठला?"

"मला कळतो."

"कशावरनं?"

दादांनी बरणी उघडून मामांच्या नाकाखाली धरली. मामांनी हुंगलं, मान हलवली, मोबाइल काढून सदऱ्याला पुसला आणि चिमूट मागितली. ती बरणी गेली, मग दुसरी. तासाभराने मी केकपुरती साखर मागायला गेलो, तर दोघांनीही हात आडवे केले. नमुना तपासणं चालू होतं.